दुसऱ्याच्या होडीत बसताना

(रौप्यमहोत्सवी वर्षाची सहल मालवण-तारकर्लीला नेण्याचे ठरल्यानंतर कोजागरीच्या कार्यक्रमात आपल्या बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्ते बँकेतून निवृत्त झाले असून नोकरीतील सहा वर्षे ते मालवणला होते. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिलाय. "काका, सहलीत स्कूबा डायव्हिंग आहे, त्यावर दोन शब्द बोला." मी विचारलं, सहलीला किती जण? म्हणाले, पंचेचाळीस. स्कूबाला? अठ्ठावीस नावं आली आहेत. त्यातल्या पोहता किती जणांना येतं? त्यावर ते नुसते हसले. म्हणून आज उभा राहिलोय.

आधी हे स्कूबा काय असतं ते थोडक्यात सांगतो. कारण परवा लिफ्टमध्ये एकजण सांगत होते की ऑक्सिजन लावून समुद्रात सोडतात. तसं नाही. टाकीत आपण इथं घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. आपण श्वास ओढला की लागेल तेवढीच हवा सोडणारं यंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी तयार केलं. आज जगभर जे स्कूबा चालतं ते त्याच तत्त्वावर. मालवणात आपल्याला मिळते ती त्याची पहिली चव. टाकी पाठीवर, रबरी नळीचं टोक दातात, आणि एक शिकलेला मुलगा पूर्ण वेळ आपल्याला धरून. पंधरा-वीस फूट, फार तर तीस. दहा-पंधरा मिनिटं. पोहता येत नसलं तरी नेतात, हे खरं आहे.

जागा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांची. १६६४ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं, हे पोरांना पाठ आहे. पण त्याच पाण्यात १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, साधारण एकोणतीस चौरस किलोमीटरचं, हे मोठ्यांनाही माहीत नसतं. म्हणजे आपण उतरणार ते एका अभयारण्यात. आणि जाणार ते एका माणसाच्या खासगी होडीतून. बोलायचंय ते मुख्यतः त्या होडीबद्दल.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पोहणं शिकलं ते विहिरीत. औसा घ्या, निलंगा घ्या, इकडं मुखेड, कंधार घ्या. पाठीला सुकलेला भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि चुलत्यानं वरून ढकलायचं. पण त्या विहिरीलाही कायदा होता, आठवतं का? खाली कोण आहे ते बघितल्याशिवाय सूर मारायचा नाही. पायऱ्या अडवून बसायचं नाही. दम लागलेल्याला पाण्यात ओढायचं नाही. ते कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडलं की थेट पाठीत बसायची. समुद्रातल्या होडीचंही तसंच आहे. तिथं रीत मोडली की त्याचा भार शेजारी बसलेल्या माणसावर पडतो. अक्षरशः भार.

मालवणची डायव्हिंगची बोट म्हणजे जहाज नाही हो. फायबरची होडी, मागं बाहेरून लावलेलं इंजिन, बसायला आडव्या फळ्या, मधे टाक्या रचलेल्या. बहुतेक ठिकाणी ती कुणाच्या तरी घरची असते. कालपर्यंत त्यातून जाळी जायची, आज आपण जातो. होड्यांच्या आणि इंजिनांच्या कर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत, म्हणून सांगतो, त्या होडीमागं घरातले दागिनेही गहाण असू शकतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय ही माणसं हंगाम धरत नाहीत. होडीच्या पुढच्या टोकाला हार असतो, हळदकुंकू असतं. तेव्हा चपला काढून हातात घ्या, किनाऱ्यावर ठेवायला सांगितल्या तर तिथं ठेवा. आपल्या देवघरात कुणी बूट घालून आलं तर आपल्याला कसं वाटेल, तेवढंच.

आता भावाची गोष्ट. आपण मराठवाड्यातली माणसं, भाव केल्याशिवाय मेथीची जुडी घेत नाही. भाव जरूर करा. दर माणशी किती, व्हिडिओ त्यात धरलाय का, किल्ल्याची फेरी वेगळी का, सगळं आधी विचारून घ्या, नंतर किनाऱ्यावर तंटा नको. पण एका गोष्टीचा भाव करायचा नाही, आणि ती म्हणजे डोकी. "दोन होड्या कशाला, एकातच बसतो की, दाटीवाटीनं, आमची सगळी घरचीच माणसं आहेत." हे वाक्य मी सहा वर्षांत किती वेळा ऐकलं असेल! घरची माणसं असली म्हणून वजन कमी होत नाही. होडीला परवान्यात माणसांचा आकडा ठरवून दिलेला असतो. त्या आकड्यात खलाशी आणि पाण्यात नेणारी मुलंही धरायची असतात, हे आपण सोयीनं विसरतो. मालकानं नाही म्हटलं तर चांगला मालक मिळाला असं समजा. तो "बसा हो, काय होत नाही" म्हणाला तर आपणच दुसरी होडी बघायची.

हे इतकं ताणून का सांगायलोय? २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबा आटोपून परत येणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तुमच्या-आमच्यासारखीच सुट्टीला आलेली माणसं होती. ज्या गोष्टीची भीती वाटते ती पाण्याखालची बुडी तेव्हा संपलेली होती. परत येताना सगळे सैल पडतात. अंग ओलं, ऊन चटके देतंय, मग लाइफ जॅकेटचे पट्टे मोकळे होतात, एकजण उठून फोटो काढतो, दुसरा बिस्किटाचा पुडा मागायला उभा राहतो. त्या बोटीवर असंच झालं असं मी म्हणत नाही. पण सर्वसाधारणपणे परतीच्या वाटेवर हे होतं, ते मी पाहिलंय. किनाऱ्याला पाय लागेपर्यंत जॅकेटचा पट्टा सोडायचा नाही. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घालायचं नाही, ते पाण्यात वर सरकून डोक्यातून निघतं.

दुसरं वजनाचंच. डॉल्फिन दिसला की अख्खी होडी एका बाजूला धावते. देवबाग-तारकर्लीच्या बाजूला डॉल्फिन दिसतात, आपल्यालाही दिसोत अशी इच्छा. पण दिसला तर बसल्या जागेवरून मान वळवून बघायचा. वीस माणसं उजव्या कडेला गेली तर होडी कुठं जाईल, हे कळायला बैलगाडीत ऊस भरलेला माणूस पुरे. त्या डॉल्फिनच्या मागं होडी पळवा म्हणून आग्रहही नको. त्याला घेरलं की तो खोल जातो.

होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. आपण इथं कुणी निवृत्त अभियंता, कुणी प्राध्यापक, कुणी सोसायटीचे अध्यक्ष असू. होडीत पाय ठेवला की ते सगळं किनाऱ्यावर राहतं. तो म्हणेल तिथं बसायचं. जाड माणसाला मधे बसवलं तर त्यानं राग मानायचा नाही, मलाही नेहमी मधेच बसवायचे. तांडेल म्हणाला "आज वारं धरलंय, नाही जमणार", तर विषय संपला. सकाळी समुद्र शांत असतो, दुपारी वारा चढतो, म्हणून ते लवकर बोलावतात. आपली बस नाश्त्याला थांबून अकराला पोचली आणि मग आपण भांडलो, "आम्ही नांदेडहून रात्रभर प्रवास करून आलाव, पैसे भरलेत, न्यायलाच पायजे", तर त्या माणसावर आपण काय लादतोय याचा विचार करा. एवढ्या गिऱ्हाइकांना परत पाठवताना त्याचंही पोट जळतं. तरी तो नाही म्हणतोय, म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय.

आणि हाक कशी मारायची? मालवणी माणूस बोलायला रोखठोक असतो, "खाली बसा ओ, होडी हलता" असं जरा ओरडूनच सांगतो. त्यात अपमान नसतो, इंजिनचा आवाजच तेवढा असतो. पण आपण त्याला "ए, इकडं ये" म्हणायचं नाही. दादा म्हणा, भाऊ म्हणा. पाण्यात नेणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल, आपल्या नातवासारखा दिसेल. तरी त्याला तुम्ही म्हटलं तर बिघडत नाही. ती दहा मिनिटं आपला श्वास त्याच्या हातात असतो.

पाणी जपून वापरा. होडीवर गोडं पाणी मोजकं असतं, पिण्यापुरतं आणि मास्क खळबळण्यापुरतं. त्यात पाय धुवायचे नसतात. आपल्यात अर्धी घरं लातूरची आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा डब्यांत पाच लाख लिटर घेऊन, तेव्हा कळशी-कळशीचा हिशोब ज्यांनी केलाय त्यांना मी काय शिकवणार?

आता सगळ्यात अवघड भाग, आणि इथं मी जरा थांबणार आहे.

पाण्यात उतरण्याआधी एक कागद भरून घेतात. दमा आहे का, रक्तदाब आहे का, हृदयाचं काही, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालंय का, सर्दी आहे का, गरोदर आहात का. आपल्याकडं हा कागद कसा भरतात? एकजण सगळ्यांचे घेतो आणि टकाटक "नाही, नाही, नाही" अशा खुणा करून देतो. खरं लिहिलं तर नेणार नाहीत, ही भीती. हे खोटं सगळ्यात महाग पडतं, आणि ते एकट्याला पडत नाही. खाली एखाद्याची छाती आवळली तर त्याला धरलेला मुलगा, वर होडीत बसलेली त्याची बायको-मुलं, आणि आपला नंबर सोडून किनाऱ्याकडं धावावं लागणारे बाकीचे, सगळे त्यात ओढले जातात.

कारण समजून घ्या. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. कान तर दोन-तीन मीटरवरच दडे बसल्यासारखे दुखू लागतात. तिथं नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, की कान मोकळे होतात. सर्दी असेल तर ते होत नाही, आणि जोर लावला तर पडदा फाटू शकतो. फुप्फुसाचंही तसंच. खाली घेतलेला श्वास कोंडून वर आलो तर दाब कमी होईल तशी आतली हवा फुगते, तोंड बांधलेल्या फुग्यासारखी. म्हणून खाली काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही, सावकाश घेत-सोडत राहायचं. ज्याचा श्वास वरच नीट चालत नाही त्यानं खाली जाऊन त्याची परीक्षा बघू नये.

मुलांचं वय वाढवून सांगायचं नाही. एसटीत अर्ध्या तिकिटासाठी आपण तेरा वर्षांच्या पोराला अकराचं करतो, आणि इथं आठ वर्षांच्या पोराला अकराचं करायला निघतो. स्कूबा शिकवणाऱ्या नावाजलेल्या संस्था दहा वर्षांखालच्या मुलांना समुद्रातल्या बुडीसाठी घेत नाहीत. छोट्यांना काचेचा चष्मा आणि नळी लावून पाण्याच्या वरूनच मासे दाखवता येतात, लाइफ जॅकेट घालून. त्यातही त्यांना भरपूर मजा येते.

आदल्या रात्री दारू नको. इथं भगिनी आहेत, जास्त बोलत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. पुडी खाणाऱ्यांनी मात्र एवढं लक्षात घ्यावं की ते रबरी तोंड तुमच्यानंतर दुसऱ्याच्या तोंडात जाणार आहे.

मी स्वतः उतरणार नाही. माझी अँजिओप्लास्टी झालेली आहे, मी होडीत बसून चपला सांभाळणार. हे मुद्दाम सगळ्यांसमोर सांगतोय. वयस्कर मंडळींना मुलं-सुना आग्रह करतात, "चला हो बाबा, काय होत नाही, सगळे करायलेत." प्रेमानंच करतात. पण नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, एवढं पाळा. बायकांच्या बाबतीत तर जास्तच. घाबरली म्हणून चिडवणं, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं, हे आपल्या सोसायटीत व्हायला नको. पैसे भरले होते ते गेले तर गेले.

खाली गेल्यावर बोलता येत नाही, तिथं हातानं बोलायचं. यात आपल्या लोकांचा हमखास घोटाळा होतो. अंगठा वर म्हणजे आपल्याकडं "एकदम भारी". पाण्याखाली त्याचा अर्थ "मला वर न्या". समोर कॅमेरा आला की माणूस आपोआप अंगठा वर करतो, आणि मग मुलगा त्याला वर घेऊन येतो. वर आल्यावर हा म्हणतो, पाचच मिनिटांत आणलं, पैसे परत द्या! सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. कान दुखत असेल तर तळवा डावी-उजवीकडं हलवायचा आणि मग कानाकडं बोट करायचं. मुलांनो, आज घरी जाऊन आई-बाबांकडून हे पाठ करून घ्या.

खाली काय दिसतं ते मी सांगत बसत नाही, तुम्हीच येऊन मला सांगा. फक्त हात लावू नका. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो जिवंत आहे. दगडासारखे गोल वाढणारे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर वाढतात. म्हणजे आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, तेवढ्या काळात वीतभर. त्यावर एकानं पाय टेकला की मोडतो. तुकडा शोकेसमध्ये ठेवायला आणू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळांना संरक्षण आहे. व्हिडिओत मासे जास्त दिसावेत म्हणून बिस्किटं, पाव टाकण्याचा आग्रहही करू नका. या अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध राहिलेला आहे, आपल्या पोटावर पाय येईल ही त्यांची धास्ती. त्यावर आपण शहाणपण शिकवायला जाऊ नये. किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर दोरावरून उड्या मारू नयेत, आणि पाण्यात तरंगणारे जाळ्यांचे बोये ओढून बघू नयेत.

होडीकडं परत येताना इंजिनाच्या बाजूला जायचं नाही. तिथं पंखा असतो. शिडीवर एकजण चढत असेल तर त्याच्या खाली थांबायचं नाही, पाठीवरची टाकी निसटली तर खालच्याच्या डोक्यात पडते. विहिरीच्या पायऱ्यांचाच नियम.

आणि मोजणी. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर लोनर्गन नावाचं अमेरिकन जोडपं बोटीतून स्कूबाला गेलं. बोट परत निघाली तेव्हा ते दोघं पाण्यातच होते. मोजणी चुकली होती. आपण दोघांना विसरलो हे बोटवाल्यांच्या लक्षात यायला दोन दिवस गेले. ते दोघं पुन्हा सापडले नाहीत. मालवणात किनारा डोळ्यांसमोर असतो, तरी निघताना आणि परत फिरताना नाव घेऊन मोजायचं. ज्याचं नाव त्यानंच "हजर" म्हणायचं. "तो आहे हो, मागं बसलाय" हे चालणार नाही. कॉलेजात आपण एकमेकांची प्रॉक्सी लावली, तेवढी बस झाली.

ओल्या कपड्यांतले फोटो विचारल्याशिवाय कुणी कुणाचे काढू नयेत, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर टाकूच नयेत. ज्याचा व्हिडिओ त्यालाच मिळेल, अशी व्यवस्था सचिवांनी बोटवाल्यांशी आधीच बोलून करावी.

डी विंगमधले दोघे तरुण मागं थांबून पूर्ण कोर्स करणार आहेत असं कळलं, तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं केंद्र आहे तिथं. आनंद वाटला. त्यांच्यासाठी एकच. त्या कोर्सनंतर अठरा मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते, रोज बुड्या होतात. शेवटच्या बुडीनंतर विमान असेल तर किमान अठरा तास जाऊ द्यायचे. गाडीनं आलात तरी लगेच आंबोली नाहीतर गगनबावड्याचा घाट चढू नका, रात्रभर खालीच झोपा. उंचीवर दाब कमी होतो आणि रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे धरू शकतो. आपण दहा मिनिटं उथळ जाणार, आपल्याला त्याची फारशी चिंता नाही.

आता कामाचं. प्रकृतीचे कागद सचिवांकडं दिले आहेत. येत्या रविवारपर्यंत प्रत्येकानं आपला आपण भरून, पाकीट बंद करून द्यायचा. नवऱ्यानं बायकोचा भरायचा नाही. ती पाकिटं तिथं पाण्यात नेणाऱ्यांनाच उघडायला देऊ, इथं कुणी वाचणार नाही. आणि दुसरं, अंदाजपत्रकात अठ्ठावीस जणांसाठी दोन होड्या धरल्या आहेत. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की आधी मालकांना परवान्यावरचा आकडा विचारावा, त्यातून खलाशी आणि पाण्यात नेणारी मुलं वजा करावीत आणि मग होड्या ठरवाव्यात. माझ्या हिशोबानं दोनात बसणार नाही, तीन-चार लागतील. माणशी थोडे पैसे वाढतील. ज्यांना ते जड वाटतील त्यांनी मला एकट्याला येऊन भेटावं, त्याचा बोभाटा होणार नाही.

अध्यक्षांनी मान हलवली आहे, म्हणजे मंजूर धरतो. सचिवांनी टिपून घ्यावं. दूध आटलंय, वास इथपर्यंत यायलाय. नमस्कार.